बारा ऑक्टोबरपर्यंत

आईच्या मागच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड आमच्या घरचा नव्हता. हे मला मंगळवारी, बारा ऑगस्टला, दुपारी बारा चाळीसला दिसलं. टोकियोत तोयोसुच्या आमच्या ऑफिसखाली पाण्याच्या कडेने झाडांच्या सावलीत बाक आहेत, तिथे मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. पुण्यात तेव्हा सकाळचे नऊ दहा. आईची अंघोळ, पूजा, चहा आटोपलेला असतो आणि माझी जेवणाची सुट्टी असते. गेली कित्येक वर्षं आमची बोलायची वेळ हीच. कर्वेनगरच्या घरी आईच्या खुर्चीमागे लाकडी फळीवर काळी बटणं आहेत, बाबांनी स्वतः बसवलेली, त्यातलं एक वाकडं. आज तिथे पांढरं चकचकीत प्लास्टिक होतं आणि त्याच्या बाजूने वायरला लोंबणारं एक लाल बटण, नर्सला बोलवायचं. असलं बटण कुठल्या खोलीत असतं हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. आई विचारत होती, "डब्यात काय आज?" मी म्हटलं, "फरसबी." "उन्हात नको गं बसत जाऊस." "सावलीत आहे." मग ती म्हणाली की तिचा फोन हल्ली नीट चालत नाही, म्हणून चेहरा एवढा मोठा दिसतोय. मी म्हटलं, "हो का? प्रल्हादला दाखव." प्रल्हाद माझा धाकटा भाऊ, आईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. "दाखवते," ती म्हणाली. मी फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि वर जाऊन कामाला लागले. आई तू कुठे आहेस, एवढं साधं मी विचारलं नाही.

का विचारलं नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं, त्यात गूढ काही नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, सांगितलं असतं तर मला जावं लागलं असतं, आणि गेले असते तर माझी पाच वर्षं गेली असती. इथे नागरिकत्वाचे अर्ज होमुक्योकू नावाच्या सरकारी कचेरीत घेतात. आधी नुसतं भेटून यायचं, सगळी माहिती मांडायची, मग ते सांगतात अजून काय काय आणा. माझी फाइल ज्यांच्याकडे आहे ते हिराबायाशी-सान पन्नाशीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांच्यासमोर मी माझ्या परदेशप्रवासांचा तक्ता ठेवला होता, गेल्याची तारीख, आल्याची तारीख, दिवस, कारण. तक्ते करणं हा माझा पेशाच आहे. एका ट्रेडिंग कंपनीत परदेशी स्टाफचे व्हिसा, रजा आणि प्रवास मी बघते. दुसऱ्यांचे दिवस मोजून मोजून माझी बोटं झिजली. हिराबायाशी-साननी तक्ता वरून खाली वाचला आणि एका ओळीखाली पेन्सिलने पट्टी लावून रेघ मारली. "इथून पुढे मोजू या," ते म्हणाले. ती ओळ होती चौदा मार्च ते बारा ऑक्टोबर दोन हजार वीस, दोनशे बारा दिवस. इथे सलग पाच वर्षं राहिलेलं लागतं, आणि सलग म्हणजे काय तर एका दमात नव्वदच्या वर दिवस बाहेर काढले, किंवा वर्षभरात तुकड्यातुकड्यांनी शंभराच्या पुढे गेलात, की मागचं सगळं धरायचं नाही, परत आल्या दिवसापासून पुन्हा एक. "हे असं कुठे लिहिलेलं नाही, प्रत्येकाचं वेगळं बघतो, पण तुम्ही साधारण असं धरून चाला," असं ते म्हणाले. त्या वर्षी सीमाच बंद होत्या हे त्यांनाही माहीत होतं. "तेव्हा तुम्हाला फार त्रास झाला असणार," म्हणून त्यांनी मान झुकवली. रेघ मात्र तिथेच राहिली. म्हणजे बारा ऑक्टोबर दोन हजार पंचवीस. आणि या शेवटच्या वर्षात डिसेंबर-जानेवारीत आईच्या न्यूमोनियापायी बावन्न दिवस, मग ऑफिसने नव्या मुलांच्या कागदपत्रांसाठी पाठवलं ते बेचाळीस, असे चौऱ्याण्णव होऊन बसले होते. हातात उरले सहा. सहा दिवसांत पुण्याला जाऊन काय करते मी? आईचा हात हातात घेऊन परत विमानतळ गाठायचा.

आई हे सगळं जाणून होती. तोच तर मुख्य घोळ. आई चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होती, ट्रंक कॉल जोडून द्यायची, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून लोकांना सांगायची. कोणाचं बाळ जन्मलंय, कोणाचा नवरा रुसलाय, सगळं कानावर पडत असताना तिची नजर घड्याळावर. त्यामुळे जानेवारीत न्यूमोनियातून उठल्यावर मी तिच्या पलंगावर बसून नव्वदचं आणि शंभराचं गणित समजावलं तेव्हा तिला ते एका झटक्यात कळलं, हरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोनदा सांगावं लागलं होतं. "म्हणजे बारा ऑक्टोबरपर्यंत मी आजारी पडायचं नाही, एवढंच ना?" आई म्हणाली. आणि आम्ही दोघी हसलो. मी हसले याचा मला आता राग येतो. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मी तारीख देऊन बसले होते, ऑफिसात पोरांना देते तशी.

त्या दुपारनंतर मी बारीक बघायला लागले. बुधवारी फोन छताकडे कलला आणि पंखा दिसला, तीन पात्यांचा, पांढरा. आमचा चॉकलेटी आहे. गुरुवारी तिच्या गळ्याशी चादरीची निळी पट्टी होती. शुक्रवारी बोलताना तिचा खालचा ओठ एकदम दाबला गेला, कुठेतरी कळ गेली असणार, आणि मी काय करावं? मी म्हटलं, "आई, इथे नेट जातंय गं, ठेवते." म्हणजे मी तिला लपवायला मदत करत होते. फोन ठेवून मी पाण्याकडे बघत बसले. समोर पुलावरून बिनड्रायव्हरची ती छोटी गाडी तोयोसुच्या स्टेशनात शिरत होती, ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाच्या, सुट्ट्यांमुळे अर्धी रिकामी. मला वाटलं, आपण काय बाई आहोत. मग वाटलं, हे असं वाटून घेणंही सोयीचंच आहे, वाटून घेतलं की उठून कामाला जाता येतं. आणि मी उठून कामाला गेले. प्रल्हादलाही मी फोन केला नाही. परदेशी असणाऱ्या माणसाला घरचं वाईट लगेच कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. परीक्षा होऊ दे, प्रमोशन होऊ दे, उगाच जिवाला घोर कशाला. मोठ्या आत्या गेल्या तेव्हा मला चार दिवसांनी कळलं होतं आणि मी प्रल्हादशी महिनाभर धड बोलले नव्हते. आता तीच रीत माझ्या पथ्यावर पडत होती, आणि मी मूग गिळून बसले होते.

खरं म्हणजे पेन्सिलीची ती रेघ ज्या ओळीखाली होती त्या दोनशे बारा दिवसांबद्दल मी काय बोलावं? बाबांचं ऑपरेशन म्हणून मी पंधरा दिवसांसाठी गेले होते, एकोणतीस मार्चचं परतीचं तिकीट होतं. विमानं बंद झाली. मग मे महिन्यात जपानने आमच्यासारख्यांनाही दार लावलं. पर्मनंट रेसिडेन्सीचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, दोन वर्षांपूर्वीच मिळालेलं, मिळालं तेव्हा फुनाबोरीच्या घरी मी श्रीखंड केलं होतं. पर्मनंट. आमचा कर इथे, घर इथे, नवरा आणि दहा वर्षांची पोर इथे, आणि मी कर्वेनगरला वकिलातीच्या इमेली वाचत बसलेली. जूनच्या अखेरीला बाबा गेले. सीमा उघड्या असत्या तर मार्चअखेरीलाच मी टोकियोत असते आणि मला ते फोनवर कळलं असतं. बाबांना शेवटचं पाणी मी पाजलं. तेव्हा मला दोन्ही वाटत होतं, की बरं झालं अडकले, आणि की मला इथून बाहेर काढा. त्या सप्टेंबरात इकडे जुई वयात आली. हरीश औषधाच्या दुकानात उभा राहून मला व्हिडिओवर पाकिटं दाखवत होता, हे का ते, आणि मी पुण्याच्या गॅलरीत उभी राहून डावीकडचं, डावीकडचं म्हणून ओरडत होते, खालचे शेजारी वर बघायला लागले. जुई फोनवर आली नाही. नंतरही त्याबद्दल कधी बोलली नाही. ऑक्टोबरात मी घरी आले तेव्हा ती माझ्यापेक्षा जपानी जास्त आणि बोलणं कमी, अशी होऊन बसली होती. त्या दिवशी मी ठरवलं की या दोन दारांपैकी एक तरी असं हवं जे माझ्या तोंडावर कोणी लावू शकणार नाही. पासपोर्ट इथला असला की आईकडे सहा महिने राहीन, वर्ष राहीन, आणि माझ्या पोरीकडे परत येताना मला कुणाला विचारावं लागणार नाही. भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल, त्याचं मला थोडंफार वाईट वाटत होतं, पण आईला मुळीच नाही. ती म्हणाली, "कागद कुठलाही असू दे, तू येऊ-जाऊ शकलीस म्हणजे झालं." आईकडे मनसोक्त राहता यावं म्हणून आईकडे जायचं नाही. पाच वर्षं मी हे असं जगत होते आणि मला त्यात काही विचित्र दिसत नव्हतं, कारण तारीख जवळ येत होती.

एकवीस तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी मी जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा करत स्वयंपाकघरात उभी होते. जुई फ्रिजपाशी दही खात होती. पंधरा वर्षांची आहे आता, माझ्याहून उंच. तिला माझं मराठी समजतं आणि उत्तर ती जपानीत देते. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे एवढंच. ती म्हणाली, "आई, तू आजीला कधी विचारणार आहेस?" मी म्हटलं, "काय विचारायचंय?" "तुला माहीत आहे. तू त्या दिवशी फोन ठेवलास आणि नेट चालू होतं. मी बघत होते, मला सुट्टी होती, तू घरून काम करत होतीस." हे सोमवारचं होतं, तेव्हाही मी आईला नेटचंच कारण दिलं होतं. मी बाटलीचं झाकण काढत राहिले. मग तिने सगळं सांगून टाकलं, दही खात खात. एकोणीस जुलैला आजी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, आता कोथरूडच्या कुठल्याशा सेंटरमध्ये आहे, तिथे चालायला शिकवतात, पण ती नीट करत नाही व्यायाम. हे तिला अद्वयने, प्रल्हादच्या मुलाने, दुसऱ्याच दिवशी कळवलं होतं. "आणि आजीने मला स्वतः फोन केला. म्हणाली, बारा ऑक्टोबरपर्यंत तुझ्या आईला सांगायचं नाही. मी प्रॉमिस केलं." "आणि तुझे बाबा?" "बाबांना पण माहीत आहे." तेवढ्यात हरीश दारात आला, आमचा आवाज ऐकून, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की खरंच माहीत आहे. म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्यापासून जे लपवलं होतं ते मी त्या सगळ्यांपासून लपवत होते. हसू येण्यासारखंच होतं, पण कोणी हसलं नाही.

मी जुईला म्हटलं, जरा चिडूनच, "मी हे कुणासाठी करतेय असं तुला वाटतं? पुन्हा तसं झालं तर? मी तिकडे आणि तू इकडे, सात महिने?" माझा आवाज चढला होता. जुईने दह्याची वाटी धुतली, प्लास्टिकच्या कचऱ्यात टाकायचं झाकण वेगळं केलं, हात पुसले. "मी आता दहा वर्षांची नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणून ती खोलीत गेली. मी तिथेच उभी राहिले. खरं होतं ते. जिच्यासाठी मी दार धरून उभी होते ती पोर पाच वर्षांपूर्वीच मोठी होऊन निघून गेली होती, माझ्याशिवाय, त्या सात महिन्यांतच, आणि तिला परत मिळवून देणारा कुठलाही अर्ज होमुक्योकूत नव्हता. मला एवढं वाईट वाटलं की मी खुर्चीवर बसले. हरीश म्हणाला, "उत्तरा, विचार कर. अजून बावन्न दिवस फक्त. तिथे सगळी सोय आहे, प्रल्हाद आहे, जयंती आहे." जयंती माझी भावजय, गुणी बाई, तिच्यावर मी किती टाकत आले आहे हे मला ठाऊक आहे. "पुढच्या वेळी नियम हेच असतील असंही नाही, कडक करायचं चाललंय म्हणतात," तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. पुन्हा पाच वर्षं म्हणजे आई शहाऐंशी. मी म्हटलं, "माझं तिकीट काढ."

शुक्रवारी सकाळी मी हिराबायाशी-सानना फोन केला. ऑक्टोबरात अर्ज द्यायला दिलेली वेळ रद्द करायची होती. कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं, आई पडली आहे, किती दिवस लागतील ते माहीत नाही. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. ते म्हणाले की शंभराच्या वर गेलं तर माझी मोजणी बहुतेक परत आल्यापासून सुरू होईल, हे मला समजलं आहे ना, याची ते फक्त खात्री करून घेत आहेत. मी हो म्हटलं. "फाइल मी ठेवतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुमचा तक्ता फार व्यवस्थित होता." मला रडू आलं ते या वाक्यावर, मेलं कशावरही येतं. ऑफिसात मी रजेचा अर्ज भरला. परतीची तारीख या चौकोनात मी इतरांना कधी काही मोकळं सोडू देत नाही, तो मी मोकळा सोडला. साहेबांनी शिक्का मारला.

सोमवारी, पंचवीस तारखेला, दुपारी मी कोथरूडच्या त्या सेंटरमध्ये पोहोचले. प्रल्हाद विमानतळावर येतो म्हणाला होता, मी नको म्हटलं; आईला कळवायचं नाही असंही बजावलं. लपवायची सवय आमच्या घरात कुणाची सुटत नाही. दुसऱ्या मजल्यावर तीन खाटांची खोली होती, आई खिडकीकडच्या खाटेवर, उशाला टेकून, चष्मा लावून पेपर वाचत होती. फोनवर चेहरा मोठा दिसायचा म्हणून मला कळलंच नव्हतं की ती एवढीशी झाली आहे. मी दारात उभी राहिले. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच आलं नाही, आणि मग जे आलं तो संताप होता, चक्क संताप. "कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"कोणी नाही. मला दिसलं."

"आज पंचवीस ना?"

"हो."

"अठ्ठेचाळीस राहिले होते," आई म्हणाली. तिला मनात मोजायलाही लागलं नाही. "अठ्ठेचाळीस, उत्तरा. सदतीस दिवस मी काढले इथे. दात आवळून काढले. रोज सकाळी इथल्या मदतनीस पोरीकडून केस विंचरून घ्यायचे, पावडर लावून घ्यायची, तुझा फोन येणार म्हणून. ते काय गंमत म्हणून? अजून अठ्ठेचाळीस काढले असते. मी मरत नव्हते." शेजारच्या खाटेवरच्या बाई आमच्याकडे बघत होत्या. मी पिशवी खाली ठेवली. मी तिचं सगळं पाण्यात घातलं होतं, हे तिचं बरोबरच होतं. माझ्या पाच वर्षांचा हिशोब मी करत होते, तिच्या सदतीस दिवसांचा मी केलाच नव्हता. मी म्हटलं, "आई, मला आधीच दिसलं होतं. बारा तारखेला. मी विचारलं नाही." हे सांगायला मी साडेनऊ तास विमानात तयारी केली होती आणि तरी ते फार पटकन बोलून झालं.

आईने पेपराची घडी घातली, पुन्हा घातली. "मग तसंच राहायचंस ना," ती म्हणाली, पण आवाज उतरला होता. "परतीचं कधीचं आहे?"

"काढलं नाही."

तिने भिंतीकडे तोंड केलं. तिकडे तोंड करताना तिला कमरेतून कळ आली, ती मला पाठमोरी दिसली, आणि या वेळी माझ्याकडे ठेवायला फोन नव्हता. मी पुढे होऊन तिच्या पाठीखाली हात घातला. हाडंच लागली हाताला. आई भिंतीकडे बघूनच म्हणाली, "तू आलीस म्हणून मला इतकं बरं वाटतंय की त्याचाच राग येतोय गं मला."

मी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले.